पत्ते अडवण्यापूर्वी

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची अंकांत लिहिलेली ओळख म्हणजे आयपी पत्ता, आणि बाहेरून येणाऱ्या कोणत्या पत्त्याला आत घ्यावे व कोणाला उंबऱ्यावरच थोपवावे हे ठरवणारी नियमांची व्यवस्था म्हणजे फायरवॉल होय. विंडोजमध्ये ती २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच चालू मिळते आणि परवानगीचा नियम नसेल तर बाहेरून आलेली जोडणी नाकारते. म्हणून पुष्कळदा संकट शिरते ते सोयीसाठी तिच्यात पाडलेल्या खिंडारातून.

मांडवगण फराटा येथील एका दूध संकलन केंद्राच्या संगणकाला असे खिंडार प्रस्तुत लेखकानेच पाडले होते. हिशेबातील अडचणी पुण्यात बसून सोडवता याव्यात म्हणून त्याने रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवण्याची सोय, सुरू केली आणि तिचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे त्या सेवेचे ठरलेले दार, राउटरवरून साऱ्या जगाला मोकळा ठेवला. काही दिवसांतच सुरक्षा-नोंदींमध्ये ४६२५ या क्रमांकाच्या, अर्थात फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग लागली. कारण उघडी दारे शोधणारे प्रोग्राम अहोरात्र एकेक पत्ता ठोठावत असतात आणि त्यामागे शहर आहे की खेडे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

खरी चूक त्यापुढे झाली. एकेक पत्ता अडवला की दुसऱ्या दिवशी नवे हजर होत, तेव्हा लेखकाने वैतागून एका पत्त्यामागे '/१६' लिहिले. या खुणेने पत्त्याचे पहिले १६ बिट कायम धरले जातात आणि उरलेल्या १६ बिटांतून होणारे ६५,५३६ पत्ते एकदम बंद होतात. तो पट्टा लेखकाला घरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचाच निघाला, आणि घरचा राउटर पुन्हा सुरू होताच तिथल्या जोडणीला त्यातलाच नवा पत्ता मिळाल्याने लेखक स्वतःच बाहेर अडकला. रिमोट डेस्कटॉपला परवानगी देणारा नियम असूनही उपयोग नव्हता, कारण विंडोजमध्ये परवानगी व मनाई यांचा संघर्ष झाला की सामान्यतः मनाई वरचढ ठरते. लिनक्समधील आयपीटेबल्स ही फायरवॉल मात्र नियम वरून खाली तपासते आणि जुळणारा पहिला निर्णायक नियम लागू करते. अखेर पुण्याहून न्हावरे गावावरून मांडवगण गाठून, केंद्राच्या संगणकासमोर बसूनच मनाईचा तो नियम काढावा लागला.

यातून निघणारा पहिला धडा असा की, जुन्या पद्धतीचे आयपी पत्तेच सुमारे ४२९ कोटी असल्याने नकोशांची यादी कधीच पुरी होत नाही. म्हणून सारे बंद ठेवून मोजक्या ओळखीच्यांनाच वाट द्यावी. घरचा पत्ता बदलता असेल तर पोर्ट बंदच ठेवून व्हीपीएनने, म्हणजे ओळख पटवून उघडणाऱ्या सांकेतिक बोगद्यातून, आत जावे. मोबाइल कंपन्यांचे अनेक ग्राहक एकाच बाह्य पत्त्यामागे असतात, त्यामुळे एकाला अडवताना कितीतरी निरपराध अडतात, हेही ध्यानात ठेवावे. दुरून नियम बदलताना तो ठरावीक मिनिटांनी आपोआप रद्द होईल अशी तजवीज करावी आणि आपली जोडणी टिकली, याची खात्री झाल्यावरच तो कायम करावा.

अर्थात दार बंद केले म्हणजे घर सुरक्षित झाले असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली, त्यात एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्रामचा वाटा होता. म्हणून आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही नजर हवी, आणि पासवर्ड, अद्ययावत प्रणाली व हिशेबाची वेगळी प्रत यांना पर्याय नाही. नियम लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येक मनाईपूर्वी एवढे तपासावे, की त्या पट्ट्यात आपला स्वतःचा पत्ता तर नाही ना.