संत्री घरची, रस त्या घडीचा

कारंजा (घाडगे), जि. वर्धा
डिसेंबरचा दुसरा आठवडा

चि. अमोल यास,


परवा फोनवर मी नुसता हो-हो करत होतो, कारण तुझ्या मागे सूनबाईंचा मिक्सर चालू होता आणि निम्मं बोलणं त्यातच गेलं. एवढं कळलं, की आर्वीच्या घरामागची झाडं यंदा लदली आहेत, तू रस काढायचं यंत्र मागवलं आहेस आणि आठवड्याचा रस एकदम काढून फ्रीजमध्ये बाटल्या भरून ठेवायचा तुमचा बेत आहे. काही बाटल्या पुण्याला ताईकडेही जाणार आहेत म्हणे. मागवलेलं यंत्र परत कर असं मी म्हणत नाही. बाटल्यांचा बेत मात्र सोड.

आपल्या नागपुरी संत्र्याचा रस टिकत नाही. नासतो असं नव्हे, कडू होतो. सकाळी काढलेला गोड रस संध्याकाळी तोंडात घेतलास तर जिभेच्या मागच्या टोकाला कडवटपणा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पोरं पेला बाजूला सारतात. भांड्याचा दोष नाही, फ्रीजचाही नाही. फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, त्याला स्वतःची कडू चव नसते. फळ अखंड आहे तोवर ते जागच्या जागी राहतं. रस काढला, की ते आंबट रसात उतरतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन भलतंच कडू. रस तापवला तर हे काम आणखी झपाट्याने होतं, म्हणून उकळून टिकवायची युक्तीही चालत नाही. साखर कडूपणा झाकते, घालवत नाही. फ्रीजमुळे थोडा उशीर होतो, एवढंच.

दर हंगामात भाव पडले, की आमच्या चावडीवर एकच चर्चा होते: इथे रसाचा कारखाना का निघत नाही? बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचं आयातशुल्क चढवत नेल्यापासून तर ही चर्चा थांबतच नाही. कारणं पुष्कळ आहेत, त्यांतली काही राजकारणाची आहेत, पण एक कारण हे लिमोनिन आहे. बाजारातल्या खोक्यांतला रस बहुतेक मोसंबीच्या जातकुळीतल्या फळांचा असतो, ब्राझीलसारख्या देशांत पिकणाऱ्या. आपला संत्रा सोलून खायचा. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपुरी संत्रा या फळाला. कडूपणा काढायची तंत्रं आहेत, पण ती कारखान्याची कामं. तुझ्या ओट्यावरची नव्हेत.

म्हणून रस काढायचा तो प्यायच्या वेळी, प्यायचा तेवढाच. मिक्सर नकोच. पात्याखाली बी सापडली, की संध्याकाळपर्यंत थांबावं लागत नाही, रस तिथेच कडू. यंत्रातही अर्धं फळ सालीसकट दाबून-दाबून शेवटचा थेंब काढायला जाऊ नकोस. पांढरा भाग पिळला जातो आणि सालीतलं तेल रसात उतरून जिभेला चरचरतं. तुझी आजी फळ सोलायची, फोडींना चीर देऊन बिया काढायची आणि मलमलच्या धुतलेल्या फडक्यात हलक्या हाताने पिळायची. वेळ लागतो. पण त्या वेळात पोरं भोवती बसतात आणि निम्म्या फोडी पिळण्याआधीच संपतात. हे चांगलंच आहे. मध्यम पेल्याला चारेक संत्री लागतात आणि चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारं पोर मला तरी दिसलेलं नाही. प्यायला दिलं तर तेच चार फळांची साखर दोन घोटांत पोटात घालतं आणि चोथा फडक्यात राहतो. तेव्हा मुलांना अर्धा पेला दे, बाकी फळ हातात दे. तुझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यांना रस नकोच. एखादं फळ जेवणाच्या हिशेबात धरून चालेल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचार. बर्फ नको, साखर नको. काळ्या मिठाची चिमूट मला आवडते, तुझ्या मामीला तो अत्याचार वाटतो.

आणि पिताना घाई नको. तू सेवाग्रामला शिकलास, बापूंचे उपास तुला पाठ असतील. 1932 साली येरवड्याचा उपास सुटला तो कस्तुरबांनी दिलेल्या संत्र्याच्या रसाने, रवींद्रनाथ ठाकूर तेव्हा तिथे हजर होते. 1943 साली आगाखान पॅलेसमधले एकवीस दिवस संपल्यावर पुन्हा कस्तुरबांच्याच हातून सहा औंस रस, पाणी मिसळलेला. चरित्रकार लुई फिशर लिहितात, की तो प्यायला बापूंना वीस मिनिटं लागली. तीन आठवड्यांच्या उपाशी माणसाने वीस मिनिटं लावली, आणि आपण मोबाइल बघत पेला रिकामा करतो.

आता फळ कोणतं तोडायचं. संत्रा आंब्यासारखा आढीत पिकत नाही. झाडावरून उतरल्यावर त्याची गोडी वाढत नाही, फार तर पाणी उडून तो सुकतो. म्हणून सगळी तोडून टोपलीत भरून ठेवू नकोस, लागतील तशी उतरव. रंगाला भुलू नकोस. साल केशरी होते ती थंड रात्रींनी, त्यामुळे देठाजवळ हिरवट असलेलं फळही गोड निघतं. एक तोडून चाखणं हाच खरा मार्ग. पूर्ण पिकलेल्या फळात ते कडू द्रव्य कमी झालेलं असतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास काढलेला रस लवकर बिघडतो, आताचा थोडा सावकाश. ओढून तोडू नकोस, देठाशी साल फाटते आणि तिथूनच फळ सडतं. कात्रीने देठ आखूड कापायचा.

खाली पडलेली फळं रसासाठी वेचू नकोस, वाया जातात म्हणून जीव कितीही तुटला तरी. रात्री पतंग येतो, पिकत्या फळात सोंड खुपसून रस शोषतो. भोक टाचणीएवढं असतं, पण आतून फळ आंबतं आणि गळतं. या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. सूनबाईंनी कोरोनाच्या वेळी काढ्यासाठी कुंपणावर चढवलेली गुळवेल अजून आहे ना? तिच्या काढ्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण संत्र्याशेजारी ती नको. हे तू सांग, मी सांगितलं म्हणू नकोस.

विहिरीकडच्या झाडावर जाड सालीची, खडबडीत, आंबटढाण फळं आली आहेत असं म्हणालास. झाड बिघडलेलं नाही. आपली कलमं जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली असतात. डोळ्याच्या खालून निघालेली फांदी ही जंबेरीची. तिला राहू दिलंस तर तीच जोर धरेल आणि वरचा संत्रा खंगेल. मुळापासून छाट, दर पावसाळ्यानंतर बघत जा. बुंध्यातून डिंक ओघळताना दिसला तर तो भाग खरवडून बोर्डो पेस्ट लाव: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तुला याच्या दहाव्या हिश्श्याने पुरेल. लोखंडाचं भांडं घेऊ नकोस, प्लास्टिकची बादली घे.

शेवटची गोष्ट तुला आवडणार नाही. संक्रांतीला पाहुणे येणार म्हणून फळं तोवर झाडावर राखायची म्हणतोस. थोडी राख, सगळी नको. फार दिवस राहिलेल्या संत्र्याची साल सुटून फुगते आणि आतल्या फोडी कोरड्या पडतात, त्यांतून रस तो काय निघणार? शिवाय आंबिया बहार घ्यायचा तर झाडाला या दिवसांत ताण हवा: पाणी तोडायचं, पानं किंचित मलूल होऊ द्यायची, मग जानेवारीत खत घालून आळ्यांत पाणी सोडायचं, तेव्हा फूल येतं. आमच्या इथल्या मुरमाड जमिनीला थोडे दिवस पुरतात, तुझ्या परसातली माती काळी भारी आहे, तिला जास्त लागतील. फळं लादून ठेवलीस आणि वर घरातलं धुण्याचं पाणी आळ्यांत सोडत राहिलास, तर झाड नुसता पाला काढेल.

पुण्याला पाठवायचीच तर अखंड फळं पाठव, देठासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. ताई तिथे स्वतः पिळून घेईल. वडिलांना नमस्कार सांग. धुण्याचं पाणी झाडांकडे जातं की मोरीत, ते मात्र आजच बघून कळव.

तुझा,
मामा