कोनाचे माप आणि बंदुकीचा नेम

कोलकात्यातील सियालदह स्थानकाच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहून लोहमार्गाकडे पाहिले असता दोन्ही रूळ दूरवर एकमेकांस मिळाल्यासारखे भासतात. वस्तुतः त्यांमधील अंतर सर्वत्र १,६७६ मिलिमीटरच असते. लहान होत जातो तो त्या अंतराने डोळ्याशी केलेला कोन. एका अंशाचे ६० भाग केले म्हणजे प्रत्येक भागास 'कला' म्हणतात. मार्ग अगदी सरळ असेल, तर सुमारे ५,७६० मीटरांवर हा कोन एक कला भरेल. याहून लहान कोन साध्या डोळ्यास सहसा ओळखता येत नाही.

नेमबाजीत हेच गणित उलट बाजूने मांडावे लागते. बंदुकीची नळी एक कला चुकली, तर गोळी ५० मीटरांवर १४.५, १०० मीटरांवर २९ आणि ३०० मीटरांवर ८७ मिलिमीटर बाजूस जाते. चूक तीच, अंतराबरोबर तिचा विस्तार मात्र वाढतो. म्हणूनच बंदुकीवरील दुर्बिणीच्या चकत्यांवर लांबीची नव्हे, तर कोनाची मापे असतात.

पुष्कळ दुर्बिणींची चकती एक घर फिरविली की 'क्लिक' असा आवाज होतो आणि नेम पाव कला सरकतो. समजा, ३०० मीटरांवर गोळ्या लक्ष्याच्या डावीकडे १७५ मिलिमीटरांवर लागल्या. १७५ ला ८७ ने भागल्यास दोन कला येतात. म्हणजे नेम आठ घरे उजवीकडे न्यावयाचा. दुसरे प्रचलित माप मिलिरेडियन होय. तो १,००० मीटरांवर एक मीटर व्यापतो आणि सुमारे ३.४४ कलांइतका असतो. उंचीचा हिशेब मात्र निराळा. अंतर दुप्पट झाले की गुरुत्वाकर्षणामुळे होणारी गोळीची घसरण दुपटीहून अधिक वाढते. यास्तव प्रत्येक अंतरासाठी चकतीची योग्य स्थिती प्रत्यक्ष पाहून टिपून ठेवावी लागते.

ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत दुर्बीण नसते. बारीक छिद्रातून नेम धरतात. तरीही नेम सरकविण्याचे तत्त्व तेच. तेथील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे एक कलेहूनही लहान असते. २०१२ साली लंडन येथे या अंतरावरील पडून मारण्याच्या स्पर्धेत कोलकात्याचे जयदीप कर्मकार ६९९.१ गुणांसह चौथे आले, कांस्यपदक ७०१.० गुणांना मिळाले. अंतिम फेरीत गोळी मध्याकडे ०.८ मिलिमीटर सरकली की ०.१ गुण वाढतो. या हिशेबाने १.९ गुण म्हणजे १५ मिलिमीटर, अर्थात जेमतेम एक कला. आणि तीही अनेक गोळ्यांत विभागलेली! २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्निल कुसाळे यांनी याच अंतरावरील तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले.

एक कला किती लहान, हे पाहावयाचे असल्यास दहा रुपयांचे नाणे घ्यावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. सुमारे ९३ मीटरांवरून ते नाणे जेवढे दिसेल, तेवढी एक कला.