चेतापेशीतले चार हात : कॅल्शियम ओळखणारी प्रथिने



आपल्या पाटोद्यातल्या कुठल्याही वर्गात "कॅल्शियम कशासाठी लागतं?" असं विचारून बघा. "हाडांसाठी, दातांसाठी!" हे उत्तर लगेच येईल. ते बरोबरच आहे. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांतच असते. पण उरलेला एक टक्का काय करतो? त्यातला अगदी थोडा भाग चेतापेशींत निरोप्याचे काम करतो. आजचा पाठ त्याच्याविषयी.

निरोप कसा येतो?
चेतापेशीच्या बाहेर मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. धरण भरलेले आणि खालचे पात्र कोरडे, असे समजा. विद्युत संदेश आला की पेशीपटलातली दारे उघडतात आणि कॅल्शियम आत घुसते. पण निरोप आला तरी तो वाचणारा कुणीतरी हवा ना! ते काम काही खास प्रथिने करतात.

हाताची रचना
१९७३ मध्ये रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी कार्प माशाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाची रचना मांडली. त्यातल्या पिळदार भागांना ए ते एफ अशी नावे होती. ई आणि एफ या भागांच्या मधल्या वळशात कॅल्शियम बसलेले होते. म्हणून या रचनेचे नाव पडले 'ईएफ हात'.

आता उजवा हात पुढे करा. तर्जनी सरळ, म्हणजे ई. अंगठा बाजूला ताठ, म्हणजे एफ. मधले बोट वळवा, तो झाला वळसा. हा वळसा १२ अमिनो आम्लांचा असतो आणि त्यात साधारणपणे सात ऑक्सिजन अणू कॅल्शियमला धरून ठेवतात. पेशीत मॅग्नेशियम कितीतरी जास्त असते, पण ते आकाराने लहान. त्या बैठकीत ते नीट बसत नाही. ओळख पटते ती अशी!

दोन नमुने
कॅल्मोड्युलिन १४८ अमिनो आम्लांचे असून त्याला असे चार हात असतात. दोन एका टोकाला, दोन दुसऱ्या टोकाला, मध्ये लवचिक दुवा. कॅल्शियम बसले की पिळदार भाग एकमेकांपासून दूर सरकतात, आतली पाण्याला टाळणारी बाजू उघडी पडते आणि त्या बाजूने ते दुसऱ्या प्रथिनाला पकडते. स्मरणाशी संबंधित असलेले कॅम-किनेज-२ हे विकरही असेच जागे होते.

दुसरे प्रथिन एनसीएस-१. यालाही चार हात, पण पहिला निकामी, म्हणून कॅल्शियम बसते तीनच हातांत. सुरुवातीच्या टोकाला १४ कार्बनांची मेदाम्लाची शेपटी असते. तिच्यामुळे ते पेशीपटलाला चिकटू शकते. या शेपटीमुळे कॅल्शियम बसण्याची वाटच बदलते, हे २०११ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमधील के. व्ही. आर. चारी आणि हैदराबादच्या सीसीएमबीतील योगेंद्र शर्मा यांच्या गटांनी मिळून दाखवले. म्हणजे हे काम आपल्याच राज्यातही चालते, हे मुलांना आवर्जून सांगा.

वर्गात करून बघा
चार मुलांना उजवे हात पुढे करायला सांगा. दोन-दोनच्या जोड्या करा आणि जोड्यांमध्ये एक दोरी धरा. प्रत्येकाच्या वळशात एक हरभरा ठेवा. चारही हरभरे बसले की दोन्ही जोड्यांनी मिळून डस्टर पकडायचा. हे झाले कॅल्मोड्युलिन. मग एकाला हरभरा देऊ नका आणि विचारा, "आता हे कोण?"

पालकांसाठी
"कॅल्शियमच्या गोळ्यांनी मेंदू तल्लख होतो" असे कुणी सांगितले तर थांबा. रक्तातली पातळी शरीर स्वतःच सांभाळते. आहारात कमी पडले तर ते हाडांतून काढून घेते. म्हणून दूध, दही, नाचणी, तीळ मुलांना जरूर द्या, ते हाडे शाबूत राहावीत म्हणून. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. हातापायांना वारंवार मुंग्या किंवा पेटके येत असतील तर घरी उपाय करत बसू नका, दवाखान्यात दाखवा.

गृहपाठ : कॅल्शियम आत आल्यावर पेशी ते पुन्हा बाहेर का काढते? निरोप संपलाच नाही तर काय होईल? मुलांना आधी स्वतः विचार करू द्या.