मुकादम : पुढे केलेला माणूस



दिवाळी सरली की संगमनेरच्या परिसरात, प्रवरेच्या काठाने, ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. कोणी बीडकडून येते, कोणी पाथर्डीकडून. प्रत्येक टोळीला एक मुकादम असतो. उचल तोच वाटतो, कोणत्या फडात किती कोयते जायचे हे तोच सांगतो आणि हंगामाचा हिशेबही त्याच्याच वहीत असतो. 'मुकादम' हा शब्द अरबी 'मुकद्दम'वरून आला. त्याचा अर्थ 'पुढे केलेला'. पुढे केलेल्या माणसाच्या ठायी कोणते गुण असावेत, हा प्रश्न उसाच्या फडापुरता नाही. दुकान, कारखाना, शाळा, कार्यालय. जेथे चार माणसे एकाच्या सांगण्यावरून राबतात, तेथे तो उभा राहतोच.

ह. मूसा (अलै.) मदयनला पोहोचले तेव्हा ते परके व निराश्रित होते. तरीही त्यांनी पाणवठ्यावर ताटकळलेल्या दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांपैकी एकीने वडिलांना त्यांचे नाव सुचविताना दोनच गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा (सूरह अल-कसस, आयत २६). सामर्थ्य म्हणजे कामाची जाण व ते पेलण्याची ताकद. विश्वासूपणा म्हणजे हाती आलेला अधिकार ही अमानत मानणे. पहिला गुण असून दुसरा नसेल, तर हुशारी लुबाडणुकीच्या कामी येते. दुसरा असून पहिला नसेल, तर भल्या माणसाच्या हातूनही इतरांचे नुकसान होते. म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. अबू जर (रजि.) यांच्यासारख्या निष्ठावंत सोबत्यालाही अधिकारपद दिले नाही, हा भार तुम्हाला पेलणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगितले.

पुढचीच आयत (२७) मालकाचे वर्तन दाखविते. त्या वडिलांनी कराराची मुदत आधीच उघड केली : आठ वर्षे सेवेची, दहा पूर्ण केली तर ती मूसांची (अलै.) खुशी, आणि आपण त्यांना कष्टात टाकू इच्छित नाही, हेही सांगितले. अटी स्पष्ट असाव्यात आणि ओझे सोसवेल इतकेच असावे, हा तिसरा गुण.

चौथा गुण न्याय. स्वतः घेताना माप पुरेपूर घेणारे व देताना घटविणारे यांना सूरह अल-मुतफ्फिफीन कठोर इशारा देते. माप केवळ धान्याचे नसते. टोळीतील एखादी बाई तापाने फणफणली व दोन दिवस फडावर आली नाही, तर वहीत खाडा मांडणे मुकादमाच्या हाती असते. ती वही न वाचता येणारी बाई त्या क्षणी पूर्णपणे त्याच्या ईमानावर विसंबलेली असते. तो काय मांडतो, हे तिला कळणार नाही, अल्लाहला कळते.

पाचवा गुण सौम्यता व सल्लामसलत. उहुदच्या लढाईत काही तिरंदाजांनी जागा सोडली आणि मुस्लिमांना जबर किंमत मोजावी लागली. त्यानंतर अवतरलेल्या आयतीत (आले इमरान, १५९) प्रेषितांना (स.) आदेश झाला तो त्यांना क्षमा करण्याचा व कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहण्याचा. चूक झालेल्या माणसाला सोबत ठेवता येणे ही नेतृत्वाची खरी कसोटी होय.

शेवटचा गुण स्वतः राबण्याचा. खंदकाच्या वेळी प्रेषित (स.) इतरांबरोबर माती वाहत होते. सेवकावर झेपणार नाही असे काम सोपवावे लागलेच, तर स्वतः हात लावावा, ही त्यांची शिकवण आहे.

आपल्या हाताखाली एक जरी माणूस असेल, तरी आपणही कोणाचे तरी मुकादम आहोत. आज इशाच्या नमाजनंतर स्वतःला विचारा : मी कोणाची मजुरी अडवली आहे? कोणाचा खाडा अन्यायाने मांडला आहे? उत्तर अवघड असेल, तर उद्या सकाळीच तो हिशेब दुरुस्त करा. आखिरतमध्ये वही आपल्या हाती दिली जाईल, पण तेव्हा तीत खाडाखोड करता येणार नाही.