शेंगा सोलायला माणसं लागतात

कंधार, 15 डिसेंबर 2024

चि. सौ. छकुलीस,



तुझा मेसेज वाचला. ऑफिसात नाताळाचं झाड सजलंय, 25 तारखेची सुट्टी आहे, आणि येळवस, म्हणजे आपली वेळ अमावास्या, मात्र सोमवारी 30 ला, ऐन वर्षअखेरीच्या कामात. सासरची पहिलीच येळवस. जावंसं वाटतं आणि जायची धास्तीही वाटते, मग मी वाईट सून का, असं तू विचारलंस.

नाहीस. दरवर्षी पेपरात येळवशीवर रकानेच्या रकाने येतात: कडब्याची कोप, चुना लावलेले पाच पांडव, हिरव्या शिवारातलं जेवण. लिहिणाऱ्यानं पहाटे तीनला उठून उंडे वळलेले नसतात. भज्जीला तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे लागतात आणि ते आदल्या रात्री सोलून व्हावे लागतात. आंबिलीची तयारी त्याहून आधी. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायची आपली रीत, त्यामुळं स्वयंपाक किती माणसांचा हे कोणी सांगू शकत नाही. मला याच रीतीचा राग येतो आणि अभिमानही हिचाच वाटतो. चाळीस वर्षं झाली, दोन्हींतलं एकही कमी झालेलं नाही.

यंदाही आदल्या दिवशी, रविवारी, माळेगावच्या खंडोबाची देवस्वारी आहे. यात्रेला आलेले पाहुणे घोडेबाजार, लाल कंधारी बैल बघून परस्पर गावी जात नाहीत. मुक्कामाला आपल्याच घरी येतात.

म्हणून आत्ताच बोलून घे. शेंगा सोलायला जावईबापूंना बसव, दिरालाही. पहिल्या वर्षी जे काम हसत एकटीनं उरकशील, ते पुढं तुझंच म्हणून राहील. सासूबाई कुरकुरतील. कुरकुरू देत, त्याही कधी नवी सून होत्या, त्यांना आतून बरंच वाटेल.

साड्या-भेटवस्तूंवर खर्च करू नकोस. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये, बाजारात मात्र त्याहून कितीतरी कमी मिळतोय, हे तुझ्या सासऱ्यांच्या तोंडावर दिसतं. महागाचं काही आणलंस तर परतफेडीची काळजी त्यांच्याच डोक्यावर. तेलाचा डबा आण, तो खपतो.

आणि चुलीपाशीच दिवस घालवू नकोस. आंबील शिंपत पिकाभोवती फेरी निघाली की हात धुवून तूही जा. हरभरा घाट्यावर आलेला असतो, चालता चालता तोडून खा. माळेगावला वेळ काढता आला तर काढ. वाघ्या-मुरळी ऐक, बेलभंडार उधळ. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. देव रुसत नाही, नणंद रुसेल.

रजा एकच दिवस मिळाली तर एकाच दिवसासाठी ये, पण तसं आधी सांग. सासूबाईंना मी फोन करणार नाही. तो तूच कर, आणि याच आठवड्यात. दाणे किती आणायचे हे त्यांना ठरवायचंय.

तुझी,
आत्या