बिनतारी मनोऱ्याच्या तारा

आपल्या सिंदेवाही तालुक्यांत धानाच्या बांध्या संपून रान लागतें, तेथें झाडांच्या शेंड्यांवर डोकें काढून एखादा लोखंडी मनोरा उभा दिसतो. त्याच्या माथ्यावरील यंत्रें आकाशांतून संदेश घेतात व देतात, म्हणून आपण त्यांस बिनतारी म्हणतों. परंतु हें नांव अर्धेंच खरें आहे. संदेश तारेवांचून जातो. यंत्र मात्र तारेवांचून चालत नाहीं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जी वीज पोंचते, ती तारेनेंच पोंचते. रानांतील मनोरा मुका पडतो तेव्हां दोष पुष्कळदां ह्या तारेंत, तिच्या सांध्यांत किंवा खालच्या विजेच्या सांठ्यांत असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असो, रेशनच्या दुकानांत अंगठा लावावयाचा असो, कीं मध्यरात्रीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची असो, ती तार शाबूत असली तरच काम होतें. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ह्या तारांचा थोडा अभ्यास आपण करूं.

इंटरनेट पुरविणाऱ्या लहान यंत्रास वीज व संदेश एकाच तारेनें देण्याची युक्ति आतां सर्वत्र रूढ आहे. ह्या तारेच्या पोटांत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोन मिळून पिळलेल्या असतात. अशा तारेनें यंत्रास वीज कशी द्यावी ह्याचा सर्वमान्य नियम २००३ सालीं ठरला. त्याप्रमाणें खालून १५.४ वॅट वीज देतां येत असे. २००९ च्या नियमानें ही मर्यादा ३० वॅटांवर गेली आणि २०१८ च्या नियमानें सुमारें ९० वॅटांपर्यंत वाढली. तारेची लांबी १०० मीटरांपेक्षां अधिक असूं नये, हें बंधन मात्र कायम आहे. ह्या नियमांत विजेचा दाब ४८ व्होल्टांच्या आसपास ठेविलेला आहे. कित्येक स्वस्त यंत्रें २४ व्होल्टांवर चालतात. मग दुप्पट दाब कशासाठीं?

उत्तर गणितांत आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम ह्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें, प्रवाहास तारेच्या रोधानें गुणिलें असतां वाटेंत नाहींसा होणारा दाब मिळतो. समजा, तार ६० मीटर लांब आहे. अशा बारीक तारेचा रोध दर १०० मीटरांस सुमारें ९ ओहम, म्हणजे ६० मीटरांस ५.४ ओहम असतो. दोन तारा जोडीनें वीज वर नेतात व दोन ती परत आणतात. जोडीमुळें रोध निम्मा होतो. म्हणून जाण्याचा २.७ व येण्याचा २.७ मिळून एकंदर ५.४ ओहम झाला. यंत्र १२ वॅटांचें असेल, तर २४ व्होल्टांवर प्रवाह अर्धा अँपिअर होतो आणि २.७ व्होल्ट वाटेंतच जातात. ४८ व्होल्टांवर प्रवाह पाव अँपिअर होतो आणि १.३५ व्होल्टच जातात. उष्णतेच्या रूपानें होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. ती पहिल्या वेळीं १.३५ वॅट, तर दुसऱ्या वेळीं सुमारें ०.३४ वॅट. दाब दुप्पट केला, नासाडी चौथाईवर आली. पहाटे बॅटरी उतरलेली असतां हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. दाब अपुरा पडला कीं यंत्र पुन्हां पुन्हां बंद पडून सुरू होतें व कोणाचेंच काम पुरें होत नाहीं.

हाच नियम आपल्या जिल्ह्यांत फार मोठ्या प्रमाणावर वापरलेला आहे. चंद्रपूरजवळील ऊर्जानगरचें औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचें आहे. चंद्रपूरहून ठाणें जिल्ह्यांतील पडघें येथपर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक वाहिनी १९९९ सालापासून वीज नेत आहे. तींतून एकदिश प्रवाह वाहतो व तिचा दाब पांच लक्ष व्होल्ट आहे. वाट जितकी लांब, तितका दाब अधिक व प्रवाह कमी ठेवावा, हें तत्त्व पडघ्याच्या वाहिनीस जसें लागू आहे, तसेंच रानांतील मनोऱ्यासही.

आतां विजेच्या सांठ्याकडे वळूं. आषाढ-श्रावणांत दिवस दिवस सूर्य दिसत नाहीं आणि वादळांत तारेवर झाड पडून गांवची वीज जाते. एका लहान मनोऱ्यावरील सर्व यंत्रें मिळून ५० वॅट घेतात असें धरूं. चोवीस तासांत १२०० वॅट-तास लागतील. दोन अंधाऱ्या दिवसांस २४००. शिसें व तेजाब असलेली बॅटरी वारंवार अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर लवकर निकामी होते; म्हणून सांठा दुप्पट, ४८०० वॅट-तासांचा हवा. ह्यास ४८ नें भागिलें असतां १०० येतात. म्हणजे १२ व्होल्टांच्या, १०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या एकापुढें एक जोडाव्या लागतील. प्रभूच्या दाखल्यांतील ज्या पांच शहाण्या कुमारींनीं दिव्यांबरोबर तेलाचीं भांडींही घेतलीं, त्यांनीं वराच्या उशिराचा हिशेब आधींच केला होता. मनोऱ्याचा हिशेबही तसाच आधीं करावा लागतो. आपल्याकडील कडक उन्हाळ्यांत बॅटऱ्या तापून त्यांचें आयुष्य घटतें. त्यांची पेटी सावलींत व हवेशीर हवी.

मोबाइलच्या मोठ्या मनोऱ्यांतही ४८ व्होल्टच असतात. मात्र तेथें धन टोक जमिनीस जोडण्याची चाल आहे. ही चाल जुन्या दूरध्वनि केंद्रांपासून आली. ओल लागली असतां धन टोकाचें तांबें झिजतें, हें तुम्हीं मुलामा देण्याच्या प्रयोगांत पाहिलें असेल. तार ऋण ठेविली म्हणजे ती वांचते. माओवादी हिंसेची झळ लागलेल्या भागांसाठीं २०१४ सालीं मंजूर झालेल्या योजनेंत २३४३ ठिकाणीं मनोरे उभारले गेले. महाराष्ट्राचाही त्या योजनेंत समावेश होता. त्यांतील पुष्कळ मनोरे सूर्यप्रकाशावर चालतील असे बांधले होते. २०२२ सालीं त्यांवरील दुसऱ्या पिढीची सेवा चौथ्या पिढीची करण्यास केंद्र सरकारनें मंजुरी दिली. अशा सेवेचीं यंत्रें बहुधा माथ्याजवळ बसवितात. त्यांस वीज जाड तांब्याच्या तारेनें व संदेश ऑप्टिकल फायबरनें देतात. फायबरचा तंतु कांचेचा असल्यामुळें त्यांतून वीज वाहत नाहीं.

तार बांधण्याची रीतही नीट समजून घ्यावी. घरांत वापरण्याची करड्या वेष्टनाची तार उन्हांत तडकते. मनोऱ्यावर उन्हास टिकणारें काळें वेष्टन लागतें. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते. परंतु ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळें वरील सर्व गणित बिघडतें. यंत्रांत शिरण्यापूर्वीं तारेस खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी झोळाच्या तळाशीं येऊन गळून जातें. सांध्याचें तोंड खालीं असावें. तार ठिकठिकाणीं मनोऱ्याच्या पायास बांधावी, पण आवळूं नये. तिचा भार सांध्यावर पडूं देऊं नये. खारी व उंदीर वेष्टन कुरतडतात, म्हणून जमिनीजवळ ती लोखंडी नळींतून न्यावी.

सर्वांत मोठें भय आकाशांतील विजेचें. माथ्यावरील सळईपासून जाड पट्टी सरळ जमिनींतील अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यावी; मनोरा, तारेचें धातूचें आवरण व खालची पेटी हीं सर्व एकाच अर्थिंगनें जोडावीं; आणि तारेच्या दोन्ही टोकांस सर्ज प्रोटेक्टर बसवावा. अर्थिंग वेगवेगळें ठेविल्यास वीज पडतांच दोहोंच्या दाबांत प्रचंड अंतर पडतें आणि तें यंत्रांतून वाट काढतें.

एक प्रयोग शाळेंत करून पाहा. टॉर्चचा बारीक दिवा दोन सेलांवर आधीं आंखूड तारेनें व नंतर वीस-पंचवीस मीटर बारीक तारेनें लावा; प्रकाशांतील फरक डोळ्यांस दिसेल. मनोऱ्यावर मात्र कधीं चढूं नका. तें काम पट्टा बांधलेल्या शिकलेल्या कामगाराचें आहे.

पालकांस एक विनंती. गांवांत मनोरा उभा राहील तेव्हां ग्रामसभेंत त्याची उंची विचारून थांबूं नका. सांठा किती दिवसांचा आहे, बॅटऱ्यांची देखभाल कोणाकडे आहे व पावसाळ्यापूर्वीं अर्थिंग कोण मोजणार, हे तीन प्रश्न अवश्य विचारा. त्यांचीं उत्तरें समजून घेणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी गांवांत असावी, एवढ्याचसाठीं हा पाठ आम्हीं लिहिला आहे.