थोडा वेळ तिच्यासमोर बसा

आईबाबांनो, जेवणं झाली की तुमची लेक मोबाइलवर वाकून बोटाने काहीतरी गिरवत बसते. फोन काढून घ्यायच्या आधी एकदा पडद्यावर नजर टाका. तिथे एखादा चेहरा असेल. एक डोळा वर गेलेला, हनुवटी वाकडी, पण कुणाचा तरी चेहरा.

डहाणू-तलासरीच्या मुलांना चेहरे काढायला शिकवणारं सहसा कोणी नसतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं. व्यक्तिचित्राचा वेगळा पेपर नसतो. आपल्या वारली चित्रात माणूस दोन त्रिकोणांचा, डोकं म्हणजे एक गोल; नाक-डोळे बहुधा नसतातच. मग पाड्यावर कोणीतरी म्हणतं, "आपली वारली सोडून हे काय काढतेस?" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. वारलीतही लग्नात भिंतीवरचा चौक सवाशिणींनीच लिहायचा, अशी रीत होती. पण गंजाडचे जिव्या सोमा मशे पुरुष असून चित्रं काढू लागले, लग्नकार्य नसतानाही रोज काढू लागले. त्यांनाही कुठल्या कलाशाळेने शिकवलं नव्हतं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लेकीने चेहरे काढले म्हणून तिच्या हातातली वारली जाणार नाही.

महागडा टॅब लगेच घेऊ नका. आयबिस पेंटसारखं ॲप साध्या फोनवर फुकट मिळतं आणि बोटानेही चालतं. खालच्या लेअरवर कच्चं रेखाटन फिकं करून ठेवायचं, वरच्या लेअरवर पक्की रेष ओढायची, हे ती आपलं आपण शिकेल. नवशिक्यांचे डोळे नेहमी वर सरकतात आणि कपाळ आखूड होतं. खरं तर डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघ म्हणावं, वाकडेपणा लगेच दिसतो. फोनवर चित्र मोठं करता येतं, त्यामुळे मुलं आधी पापण्यांचे केस काढत बसतात. पूर्ण चेहरा बसेपर्यंत ते नको.

पण मला खरी काळजी वाटते ती फोटोंची. मुलं सेल्फी समोर ठेवून चित्र काढतात. ब्यूटी फिल्टरने त्यात सुरकुत्या गेलेल्या असतात, रंग उजळलेला असतो. व्हिडिओ पाहून शिकावं, तर तिथली कातडी बहुतेक गुलाबी. अशाने लेकीला आपल्या माणसांचा सावळा रंग हळूहळू चुकीचा वाटू लागतो. चिकूच्या वाडीत सावलीला बसलेल्या आजीचा गाल एकाच तपकिरी रंगाचा नसतो. त्यावर पानांचा हिरवा पडतो, उन्हाच्या बाजूला तांबूस झाक येते, डोळ्याखाली जांभळट. कपाळावरचं गोंदण तर फिल्टर पुसटच करून टाकतो. हे सगळं समोर बसलेल्या माणसाकडे बघूनच कळतं.

म्हणून एवढं करा. दारात, एका बाजूने उजेड येईल असे, पंधरा-वीस मिनिटं तिच्यासमोर बसा. रविवारी आजीला बसवा. आजी हलेल, बोलेल, मध्येच उठेल, चालतं. पहिली चित्रं डिलीट करू देऊ नका, फोन भरला की सगळ्यात आधी तीच जातात. तारीख घालून मेमरी कार्डात ठेवा. चित्र झालं की आजीलाच विचारा, ही तू वाटतेस का? ती नाही म्हणाली तर कुठे वाटत नाही ते तिला बोट ठेवून दाखवू द्या, आणि लेकीला पुन्हा काढू द्या.